तांबडीला पिंजरा

"मी कुणाची परवानगी मागत नाहीये, सांगतेय," असं म्हणत मोठ्या सुनेनं भाताचं पातेलं भाऊंच्या पुढ्यात ठेवलं. "पुढच्या रविवारच्या शर्यतीला तांबडीत पिंजरा नसेल, तर चिमणी तांबडीत नसेल."

रविवारची दुपार होती. खाली गॅरेजचं शटर ओढलेलं, वर स्वयंपाकघरात टेबलाभोवती पाच माणसं, आणि पाचांतल्या एकाच्याही तोंडात घास नाही. भाऊंनी पातेल्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि डाव उचलून स्वतःच्या हातानं भात वाढून घेतला. रागावले की ते स्वतः वाढून घेत.

"पिंजरा पोपटाला असतो," ते म्हणाले.

"पोपट उलटा झाला तर उडून जातो, भाऊ. तुमची नात नाही उडत."

टेबलाच्या त्या टोकाला बसलेल्या धाकट्या मुलानं हसू दाबायला पाण्याचा पेला तोंडाला लावला.

झालं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मागच्या रविवारी डोंगरावरच्या शर्यतीच्या सरावात पिवळ्या गाडीतलं एक पोर हेअरपिन वळणावर कलंडलं. गाडी छतावर पडली आणि छत खिडकीच्या काचांसकट खाली बसलं. पोर वाचलं. देवाची कृपा, असं सगळे म्हणाले आणि आपापल्या कामाला लागले. पण मोठी सून इस्पितळात एक्स-रे काढते. बाकीच्यांनी देवाची कृपा नुसती ऐकली. हिनं ती काचेवर लावून पाहिली, आणि ती किती बारीक होती ते हिला दिसलं. दोन मणक्यांच्या मधे एक रेघ. त्या रेघेच्या अलीकडे पोर चालणार होतं, पलीकडे नाही. तेव्हापासून आठवडाभर तिनं घरात शब्द काढला नव्हता. काढला तो हा.

"पिंजरा म्हणजे लोखंडी नळ्याच ना," ती पुढे म्हणाली. "छताखालून, खांबांच्या कडेनं, गाडीच्या तळाला बोल्ट मारून. गाडी पडली तर छत नळ्यांवर बसेल. पोरीच्या डोक्यावर नाही. एवढंच मागतेय."

"एवढंच," भाऊ म्हणाले. "तांबडीच्या तळात भोकं पाडायची, आणि एवढंच."

तांबडी ही भाऊंची लग्नाआधीची गाडी. दोन दारांची, जमिनीला चिकटलेली, डोंगर चढताना मागून ढकलल्यासारखी पळणारी. तिच्या बरोबरीनं कारखान्यातून निघालेल्या बहिणींपैकी कुणाची चाकं रुंद झाली, कुणाचं इंजिन बदललं, कुणाच्या पाठीवर पंख बसले. तांबडी मात्र कंपनीच्या दारातून निघाली तशी होती. भाऊंचा नियम सरळ होता: झिजलं तर हुबेहूब तसंच आणायचं, न झिजलं तर हात लावायचा नाही. या नियमापायी धाकटा एकदा टर्बो घेऊन आला होता तो टर्बोसकट जिन्यावरूनच परत गेला होता, आणि मग त्यानं शेजारच्या गल्लीत स्वतःचं दुकान काढलं. लोकांच्या गाड्यांची ताकद वाढवून देण्याचं.

"बोलू का मी?" धाकट्यानं विचारलं.

"तू बोलणारच," भाऊ म्हणाले.

"वहिनी, आठवड्यात उभा करतो. नळ्या आहेत माझ्याकडे, वाकवायचं यंत्र आहे. शनिवारी संध्याकाळी गाडी तयार. आणि गाडी उघडलीच आहे, तर लगे हाथ एखादा लहानसा टर्बो..."

"टर्बोचं नाव काढलंस तर पुढ्यातलं ताट उचलीन," सून म्हणाली. ती या घरात आली तेव्हा धाकटा शाळेत जात होता, म्हणून त्याला ती अजून असंच बोले.

"ऐकलंत?" भाऊ एकदम खुलले. "मी काय म्हणतो ते यानंच सांगितलं! आज पिंजरा. पिंजऱ्यानं वजन वाढलं, म्हणून उद्या स्प्रिंगा. स्प्रिंगा कडक झाल्या, की शॉकअप. मग गाडी जड वाटते, आण टर्बो. टर्बो आला की ब्रेक अपुरे. वर्षभरानं तांबडीत तांबडीचं काय उरेल? रंग! अरे, त्या कारखान्यात चार शहाणी माणसं बसून ग्रॅम-ग्रॅम तोलत होती. एका बदलाला दुसरा बदल लागतो. एक खोटं बोललं की दहा बोलावी लागतात, त्यातलाच प्रकार."

हे मात्र खरं होतं, आणि खरं आहे हे धाकट्याला सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. त्याचं दुकान त्यावरच चालत होतं. टर्बो बसवून गेलेला माणूस महिन्याभरात ब्रेकसाठी येतो, हा त्याचा रोजचा अनुभव. पण बाप बोलला म्हणून गप्प बसायचं, हे त्याच्या रक्तात नव्हतं.

"भाऊ, त्या चार शहाण्यांनी गाडी कशासाठी बनवली होती? रस्त्यासाठी. माणसानं कामावर जावं, सुट्टीला बायकोला फिरवावं. डोंगरावर घड्याळ लावून पळवायला नाही. ती डोंगरावर कुणी नेली? तुम्ही. तांबडीतला पहिला फेरबदल तुम्हीच केलात."

भाऊंचा घास हातात राहिला. मोठा मुलगा, जो आतापर्यंत ताटातल्या भाताचे ढीग करत बसला होता, त्यानं मान वर केली.

"आई, मला कुणी विचारणार आहे का?" चिमणी म्हणाली.

चोविसावं लागलेली पोरगी, पण घरात तिचं हेच नाव होतं आणि शर्यतीच्या यादीतही हळूहळू हेच व्हायला लागलं होतं. ती आईच्या समोर, आजोबांच्या शेजारी बसली होती. या घरात जागा ठरलेल्या नव्हत्या. भांडणं ठरलेली होती, आणि त्याप्रमाणे माणसं बसत.

"बोल."

"पिंजरा घातला की गाडी मूळ गटातून बाहेर. सुधारित गटात जाईल. तिथे माझ्यापेक्षा दुप्पट ताकदीच्या गाड्या आहेत. मूळ गटात मी पहिली आहे, आई. एकच चढ राहिलाय. एकच! तो नीट केला की वर्षाची ढाल माझी. आणि तू आत्ता..."

"ढाल भिंतीवर लागते. तुझा एक्स-रे माझ्या काचेवर लागायला नको."

"तू माझी आई आहेस की पंच?"

"आई आहे म्हणून पंचाच्या आधी शिट्टी वाजवतेय."

चिमणीनं बापाकडे पाहिलं. आईनंही त्याच्याकडेच पाहिलं. मोठ्याला वाटलं, आपण या टेबलाचा पाय असतो तर किती बरं झालं असतं. वीस वर्षं तो खाली पत्र्याचं काम करत होता, चेपलेली दारं, दुमडलेली बॉनेटं सरळ करत होता, आणि या घरातल्या चेपा मात्र त्याला कधी काढता आल्या नव्हत्या. बाप म्हणेल ते बरोबर, बायको म्हणेल तेही बरोबर, या वाटेनं तो आजवर आला होता.

"अहो," सून त्याला म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्ही सांगा. तांबडीचं छत कसं आहे?"

"कसं म्हणजे?"

"पत्र्याचं काम तुम्ही करता. कसं आहे?"

मोठ्यानं भाताचा एक ढीग बोटानं सपाट केला. मग म्हणाला, "मागे गारा पडल्या होत्या ना. छताला खळगे पडले. मी आतून अंगठ्यानं दाबून काढले."

"अंगठ्यानं," सून म्हणाली.

"हातोडी लागली नाही." मग बापाकडे न बघता तो म्हणाला, "भाऊ, घालू या पिंजरा."

भाऊंनी ताट सरकवलं. थोरला फिरला, हे त्यांना लागलं. धाकट्याचं काय, तो जन्मतःच फिरलेला. पण थोरल्याच्या हातात त्यांनी तांबडीचं एकेक दार दिलं होतं. त्यांनी नातीकडे पाहिलं. ती एकटी त्यांच्या बाजूला होती, आणि हट्टानं मान ताठ धरून होती.

"माणसाला गाडीत काय धरून ठेवतं?" भाऊ उठले. "छत? पिंजरा? पट्टा! पट्टा धरून ठेवतो. कंपनीनं दिलेला पट्टा आहे आत, पहिल्या दिवसाचा. असा पट्टा आता मिळत नाही. चला खाली. दाखवतो, पोरगी कुणाच्या भरवशावर आहे ते."

"भाऊ, जेवा आधी."

"नंतर."

गॅरेजमधे दुपारचं ऊन वरच्या काचेतून थेट तांबडीवर पडत होतं. भाऊंनी दार उघडलं, पाना लावला आणि ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा स्वतः सोडवला. चॉकलेटी रंगाचा, काठाला बारीक रेघ असलेला. त्यांनी तो दोन्ही हातांवर असा घेतला, जसं कुणी भरजरी वस्त्र घ्यावं.

"बघ. काल विणल्यासारखा आहे की नाही?"

खरोखरच होता. चिमणीनं त्यावरून बोट फिरवलं आणि आईकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

"ते जुनं इंजिन टांगा त्यावर," भाऊ म्हणाले. "आपल्या पोरीच्या दुप्पट वजनाचं आहे."

मोठ्यानं पट्ट्याचं एक टोक चेनपुलीच्या हुकाला अडकवलं, दुसरं इंजिनाच्या कड्यातून ओवलं. खाली धाकट्यानं चार जुने टायर सरकवले. "तुटायचा नाही म्हणा, पण असू देत खाली," असं काहीतरी तो पुटपुटला. मोठा साखळी ओढू लागला. कड्या एकेक करून वाजत गेल्या आणि इंजिन जमिनीवरून सुटलं. बोटभर, वीतभर, गुडघ्याइतकं. पट्टा तारेसारखा ताणला गेला, पण हूं की चूं नाही.

"घ्या," भाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता, जणू ते स्वतःच ते वजन पेलून धरत होते. "ही कंपनी. हा माल. घे रे खाली."

मोठ्यानं साखळी उलटी फिरवली. एक कडी सुटताना जरा घसरली. हिसका असा काही नव्हताच. गाडी खड्ड्यातून जाताना याहून मोठा बसतो. पण जुनी चादर दोघांनी दोन बाजूंनी ओढावी तसा आवाज आला, आणि इंजिन टायरांवर आपटून, एकदा उडून, कुशीवर पडलं. हुकाला पट्ट्याचा तुकडा तेवढा हलत राहिला.

चिमणीचा हात आपोआप गळ्याखालच्या हाडावर गेला, जिथे पट्टा येतो तिथे.

धाकटा वाकला. त्यानं फाटलेलं टोक बोटांत धरून चोळलं, तर धाग्यांचा भुसा हातात आला. एरवी तो काहीतरी बोलला असता. त्यानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोक मुकाट्यानं वहिनीच्या हातात दिलं.

"भाऊ," तिनं हळूच विचारलं, "हा तुम्ही कशानं धुता?"

"उन्हानं रंग उडतो," भाऊ म्हणाले. "मूळ रंग राहायला पाहिजे. दर वर्षी काढतो. ब्लीचच्या पाण्यात रात्रभर ठेवतो, डाग जायला. मग त्या छटेचा रंग कालवून..." त्यांना पुढचं बोलावं लागलं नाही.

"आमच्याकडच्या चादरी अशाच जातात," सून म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. "वरून पांढऱ्याशुभ्र. कडक. एक दिवस ओढली की चिंध्या."

माणूस देवासमोर दिवा लावतो आणि त्या दिव्यानंच पडदा पेटतो. भक्ती खोटी नसते हो; डोळे मिटलेले असतात, एवढंच. भाऊ फाटक्या पट्ट्याकडे बघत उभे होते, पण त्यांना दिसत होती ती शर्यतीची सुरुवातीची रेघ. प्रत्येक वेळी तिथे ते स्वतः वाकून पोरीचा पट्टा लावत. दुसऱ्या कुणाला लावू देत नसत. खट्ट वाजलं की दोनदा ओढून बघत आणि म्हणत, बस, आता जा. आणि ती जायची.

"कंपनीनं दिला तसा म्हणत होतो," ते शेवटी म्हणाले, "आणि दर वर्षी मीच बदलत होतो."

"आजोबा, तुम्हाला काय माहीत," चिमणी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

त्यांनी हुकावरचा तुकडा काढला, घडी घातली आणि कचऱ्याच्या पिंपात टाकला. झिजलेला भागसुद्धा न टाकणारा हा माणूस. मग धाकट्याकडे वळून त्यांनी नेहमीच्या कामाच्या आवाजात विचारलं, "नवे पट्टे लावायचे तर कसले लावतात आता? खांद्यावरून दोन्ही बाजूंनी येतात ते?"

"हो. शर्यतीचे."

"त्यांना मागून आधार कशाचा?"

"पिंजऱ्याच्या नळीचा."

"मग माप घे."

"आजोबा!" चिमणी ओरडली. "मूळ गट? मी पहिली आहे!"

"सुधारित गटात शेवटून पहिली ये."

"सगळे हसतील."

"हसू देत. लोक हसत बसतील, मी वर उभा राहून एकेक वळण मोजणार आहे. तू वर आलीस की माझं मोजणं संपलं."

चिमणीचे डोळे भरले. ते ढालीसाठी भरले होते, यात शंका नाही. वर्षभर तिनं त्या चढाचं एकेक वळण पाठ केलं होतं. आई जवळ आली नाही. जवळ गेलं तर पोरगी आणखी चिडेल हे तिला ठाऊक होतं. ती फक्त म्हणाली, "जिंकलेलं घालवायला लावतेय, कळतंय मला. माझ्यावर राग धर. वर्षभर धर."

"धरणारच आहे," चिमणी नाक ओढत म्हणाली, आणि दार उघडून तांबडीत जाऊन बसली. "घ्या काका, काय मापं घ्यायची ती."

धाकटा टेप घेऊन आत वाकला आणि थबकला. "हे काय गं पाठीमागे?"

बसता बसता सीटमागून ओढून तिनं पाठीशी एक टॉवेल घेतला होता, गुंडाळून दोरीनं बांधलेला.

"हा माझा हरवलेला टॉवेल!" सून म्हणाली.

"टेकायला," चिमणी म्हणाली. "नाहीतर पाय पोचत नाहीत ना."

भाऊ पुढे आले. नातीचे पाय त्यांनी बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिले. ती चवड्यावर होती. टाच हवेत आणि क्लचवर नुसता अंगठा.

"मग सीट पुढे का घेत नाहीस?"

चिमणीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनीच काही भलतं विचारलं होतं. "तुम्हीच म्हणता ना, कशाला हात लावायचा नाही. सीट इथेच होती. मला वाटलं, मूळ जागा हीच."

धाकटा टेप सोडून खालीच बसला. हसत होता की रडत होता, कळायला मार्ग नव्हता. मोठा भिंतीकडे तोंड करून हलत होता.

"अगं वेडे," भाऊ म्हणाले, "सीटखाली दांडा आहे. ओढला की सरकते. कंपनीनंच दिलाय तो!"

"मला काय माहीत! तुम्ही कधी सरकवली होतीत?"

"मला कशाला सरकवावी लागेल? माझे पाय..." आणि ते थांबले.

गुडघे टेकून ते खाली बसले. हात आत घालून दांडा चाचपला. तो गंजून बसला होता. मोठ्यानं तेलाची कुपी दिली. भाऊंनी थेंब सोडले, दांड्याला दोनदा ठोकलं आणि ओरडले, "ढकला मागून!" मोठ्यानं आणि सुनेनं मिळून सीटच्या पाठीला खांदा लावला. करकर झाली, नाही म्हणाली, आणि मग सीट एक घर पुढे सरकली. मग आणखी एक.

चिमणीनं टॉवेल उपसून आईच्या अंगावर फेकला, टाच जमिनीला टेकवली आणि क्लच दाबला.

"अय्या," ती म्हणाली. "हा खालपर्यंत जातो?"

"अर्धा दाबून चालवत होतीस?" धाकट्यानं डोळे पुसत विचारलं. "म्हणून तिसरा गिअर करकरायचा!"

"मी त्या करकरीसाठी दोनदा गिअरबॉक्स उघडला," भाऊ जमिनीवरूनच म्हणाले. "दोनदा!"

ते उठले नाहीत. मागचा गालिचा त्यांनी स्वतः दुमडला आणि उघड्या पत्र्यावर हात फिरवून धूळ बाजूला केली. "आख," ते धाकट्याला म्हणाले. धाकट्यानं खडू काढला, टेप धरला आणि मागच्या चाकाच्या कमानीपाशी पहिली फुली मारली. भाऊंनी ती पाहिली. अंगठ्यानं पुसली.

"इथे नको," ते म्हणाले. "खालून ब्रेकची नळी जाते. दोन बोटं अलीकडे घे."